मोल कोण ठरवितो? — मलिक अंबरच्या जीवनाकडे पाहताना



वार्षिक परीक्षेचे निकाल लागले म्हणजे शाळेच्या कचेरीसमोर पालकांची रांग लागते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी अनेक वर्षे ती रांग पाहिली आहे. अशाच एका दिवशी एक वडील आपल्या मुलाला पुढे घालून माझ्यासमोर आले. मुलगा आठवीत दोन विषयांत नापास झाला होता. मुलाच्या देखतच ते म्हणाले, "सर, हा काही कामाचा नाही. दाखला द्या, याला मामाच्या गॅरेजवर लावून टाकतो." मुलगा मान खाली घालून उभा होता. शाळेची घाई होती, रांग मोठी होती. मी अर्जावर सही केली. तो मुलगा दाखला घेऊन निघून गेला आणि त्याची माझी पुन्हा गाठ पडली नाही.

गॅरेजच्या कामात कमीपणा आहे असे मी म्हणणार नाही. हातातल्या कसबावर पोट भरणारा माणूस कोणापेक्षाही कमी नसतो. परंतु त्या दिवशी त्या मुलाची किंमत ठरविली गेली, ती दोन माणसांनी ठरविली आणि त्यांत एक मी होतो, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मी आपणांस एका अशा माणसाची हकीकत सांगणार आहे, ज्याची किंमत आयुष्यात अनेक वेळा ठरविली गेली. कधी बाजारात, कधी दरबारात, तर कधी शेताच्या बांधावर. हा माणूस आपल्याच मातीत राबला आणि आपल्याच मातीत विसावला. त्याचे नाव मलिक अंबर.

बाजारातील किंमत

इ.स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात, ज्याला आपले पूर्वज हबसाण म्हणत, एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्राच्या काठी मोखा नावाचे बंदर आहे. तेथे त्याची विक्री झाली. पुढे इ.स. १६१७ मध्ये पीटर वान डेन ब्रोके नावाचा डच व्यापारी दख्खनमध्ये येऊन अंबरला भेटला. मोखा येथे हा मुलगा ८० गिल्डरला विकला गेला, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

वाचकहो, या ८० गिल्डरचा थोडा विचार करा. गुलाम घेणारा काय पाहतो? दात पाहतो, दंड पाहतो, वय विचारतो. हा किती ओझे उचलील आणि किती वर्षे उचलील, याचा हिशोब करतो. त्या मुलाच्या डोक्यात काय आहे हे पाहण्याचे साधन बाजाराजवळ नव्हते. म्हणून डोक्याची किंमत शून्य धरली गेली आणि ८० गिल्डर हे केवळ हातापायांचे दिले गेले.

मोखाहून त्याला बगदादला नेण्यात आले. तेथे मीर कासिम अल-बगदादी नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. हा मीर कासिमही गुलाम बाळगणाराच होता, हे आपण विसरू नये. परंतु त्याने त्या पोराकडे दुसऱ्या नजरेने पाहिले. याची बुद्धी तल्लख आहे हे त्याने ओळखले, आणि ओळखून तो स्वस्थ बसला नाही. त्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, हिशोब आणि कारभाराची जाण दिली. याच घरात चापूने इस्लामचा स्वीकार केला आणि याच घरात त्याला अंबर हे नाव मिळाले.

या नावाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठीत अंबर म्हणजे आकाश. पण अरबीतला अंबर निराळा. तो एक सुगंधी पदार्थ आहे आणि पूर्वी तो सोन्याच्या मोलाने विकला जाई. गुलामांना अंबर, काफूर, याकूत, संदल अशी मौल्यवान मालाची नावे देण्याची तेव्हा रीतच होती. हा अंबर देवमाशाच्या पोटात तयार होतो. प्रथम तो काळपट, मऊ आणि घाण वासाचा असतो. समुद्रात वर्षानुवर्षे ऊन आणि खारे पाणी खाल्ल्यावर त्याला सुगंध येतो. किनाऱ्यावर पडलेला अंबराचा गोळा ज्याला ठाऊक नाही तो लाथेने बाजूला सारील. ज्याला पारख आहे तो उचलून घेईल. गोळा तोच, फरक पाहणाऱ्याच्या नजरेचा!

नजर मिळाली, तरी वाट लांबच

इ.स. १५७० नंतरच्या काळात अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. हा चंगेज खान स्वतः हबशी असून गुलामीतून वर चढून पेशवेपदाला पोहोचला होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच्या पदरी राहून तरुण अंबरला दोन गोष्टी पाहावयास मिळाल्या. पहिली ही की, आपल्यासारखाच एक माणूस राज्याचा कारभार चालवू शकतो. ज्या मुलाने आपल्यासारखा कोणी वर गेलेला कधी पाहिलाच नाही, त्याला वर जाण्याची कल्पना तरी कशी सुचावी? दुसरी गोष्ट कडू होती. थोड्याच वर्षांत सुलतानाच्या मनात पेशव्याविषयी संशय भरविला गेला आणि चंगेज खानाला विष देऊन मारण्यात आले. इतरांच्या नजरेने मिळालेला मान इतरांच्या नजरेनेच क्षणात जातो, हा धडा अंबरने धन्याच्या मरणातून घेतला.

चंगेज खानाच्या पश्चात त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. आता तो कोणाचा गुलाम नव्हता; पण त्याच्या पाठीशी उभा राहणाराही कोणी नव्हता. येथे तरुण वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मुक्ततेनंतरची सुमारे वीस वर्षे हा माणूस साधा शिलेदार म्हणून जगला. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. तेथेच त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. पुढे मानधनावरून नाराज होऊन तो आपली थोडीशी माणसे घेऊन अहमदनगरकडे परतला. त्याच्याजवळ तेव्हा सुमारे दीडशे स्वार होते, असे सांगितले जाते. त्याचे वय पन्नाशीला टेकले होते. आजच्या हिशोबाने निवृत्तीचा विचार करण्याचे वय! एका चांगल्या माणसाने एकदा पारख केली म्हणजे पुढचे सारे आपोआप होते, असा समज कोणी करून घेऊ नये. पारख दार उघडते. आत पाऊल आपले आपणच टाकावे लागते, आणि काही वेळा वीस वर्षे उंबऱ्यावरच काढावी लागतात.

अफवेने घेतलेला बळी

याच सुमारास अहमदनगरवर अकबर बादशहाच्या फौजा चालून आल्या. इ.स. १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबिबीने किल्ला कसा लढविला, हे आपल्या मुलींनी शाळेत वाचलेच असेल. पण त्या कथेचा शेवट पुष्कळ वेळा घाईने सांगितला जातो. इ.स. १६०० मध्ये मोगलांचा पुन्हा वेढा पडला. आता किल्ला टिकत नाही हे ओळखून चांदबिबी तहाच्या वाटाघाटीचा विचार करू लागली. लगेच ती शत्रूला फितूर झाल्याची हाकाटी उठली आणि तिच्याच माणसांनी वाड्यात शिरून तिला ठार केले. जिने चार वर्षांपूर्वी किल्ला वाचविला, तिचे मोल एका अफवेने मातीत मिळविले. थोड्याच दिवसांत किल्लाही पडला.

लोक काय म्हणतात याला फारसा अर्थ नसतो, असे आपण मुलांना सहज सांगतो. चांदबिबीचे उदाहरण पाहिले म्हणजे ते पुरते खरे नाही हे कळते. लोकांच्या बोलण्याने माणसाचे गुण बदलत नाहीत. पण त्या गुणांना जगावयास मिळणार की नाही, हे मात्र पुष्कळदा त्या बोलण्यावरच ठरते. आपल्या घरी, आपल्या मोहल्ल्यात एखाद्या मुलीच्या शिक्षणाविषयी दोन शब्द उणे बोलले गेले, तर तिची शाळा सुटते. बोलणारा विसरून जातो. तिला आयुष्यभर ते निस्तरावे लागते.

राजधानी गेली, पण राज्य उरले

अहमदनगर पडले तेव्हा निजामशाही संपली असे दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबाराला वाटले. मलिक अंबरला तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि स्वतः पेशवा होऊन कारभार हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षे मोगलांचे नामांकित सेनापती एकामागून एक दक्षिणेत आले. पण अंबर जिवंत असेपर्यंत निजामशाही बुडाली नाही.

हे त्याने एकट्याने केले नाही. इ.स. १६१० मध्ये विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, अंबरच्या हाताखाली दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैनिक होते. या दख्खनी सैन्यात मराठा स्वारांचा भरणा मोठा होता. डोंगर-दऱ्यांची वाट ओळखणारे, थोड्या शिदोरीवर दौड मारणारे हे स्वार शत्रूची रसद मारीत आणि दिसेनासे होत. मोठ्या सैन्याला असे जेरीस आणणे, ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो, त्याचा अंबरने कुशलतेने उपयोग केला. इ.स. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या फौजांचा त्याने पराभव केला. त्या लढाईत छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले.

ज्याची एकेकाळी इतरांनी पारख केली होती, तो आता स्वतः पारखी झाला होता. कोण हबशी, कोण मराठा, कोण ब्राह्मण कारकून हे न पाहता कोणाच्या अंगी काय आहे ते त्याने पाहिले. स्वतःला मिळालेली नजर त्याने पुढे चालविली, हेच मला त्याच्या साऱ्या विजयांपेक्षा मोठे वाटते.

एक माणूस, दोन चित्रे

अंबरपुढे वारंवार हात टेकावे लागल्याने जहांगीर बादशहा त्याच्यावर फार चिडून होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने अंबरचा उल्लेख ठिकठिकाणी अपशब्दांनी केला आहे आणि त्याच्या काळ्या वर्णाचा उपहास केला आहे. त्याच्या अबुल हसन नावाच्या चित्रकाराने एक चित्र काढले. ते आज आयर्लंडमधील डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर लावलेल्या मलिक अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात बादशहाने अंबरला कधी समोर पाहिलेही नाही, मग ते मस्तक हाती लागणे तर दूरच! जे रणात साधले नाही ते कागदावर साधून घेतले.

याच काळातील दुसरे एक चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते हाशिम या चित्रकाराने काढले. हाशिमही मोगल दरबारासाठीच काम करीत होता. त्याच्या चित्रातील मलिक अंबर साध्या पांढऱ्या वस्त्रांत, तलवार बाळगून, शांतपणे उभा आहे. उतारवयातला, भारदस्त आणि विचारी चेहरा.

चित्रकार दोघेही कसबी, दरबार एकच, माणूसही एकच. एकाने धन्याच्या मनातला राग रंगविला, तर दुसऱ्याने समोरचा माणूस. विद्यार्थी मित्रहो, तुमच्याविषयी कोणी बोलू लागला म्हणजे तो यांपैकी कोणते चित्र काढीत आहे, एवढे स्वतःला विचारा. पुष्कळ वेळा बोलणारा तुमच्याविषयी सांगत नसतो, आपल्या मनातला राग किंवा भीतीच सांगत असतो.

१४ मे १६२६ रोजी, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर मरण पावला. तेव्हा जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकार मुतमिद खान याने आपल्या ‘इक्बालनामा-इ-जहांगिरी’त त्याची मोकळ्या मनाने स्तुती केली. युद्धात, सेनापतित्वात, विवेकात आणि राज्यकारभारात या माणसाला जोड नव्हती, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले आहेत. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही पावती अंबरच्या कानांवर मात्र पडली नाही. माणूस गेल्यावर त्याचे गुण आठवण्याची आपली सवय फार जुनी आहे!

शेताच्या बांधावरचा निवाडा

दरबारातील मते आपण पाहिली. पण मलिक अंबरचा खरा निवाडा दरबारात झाला नाही, तो गावागावांतून झाला. सारावसुली मक्त्याने देऊन रयतेला नागविण्याची पद्धत त्याने मोडली. जमिनीची पाहणी करून तिचा कस ठरविला आणि पिकाच्या मानाने धारा बसविला. वसुली गावच्या पाटलामार्फत होऊ लागली. आपल्याला किती द्यावयाचे आहे, हे कुणब्याला आधी कळू लागले. शिवकाळात आणि त्यानंतरही मराठी कागदपत्रांत ‘मलिकंबरी’ हा शब्द येत राहिला. राज्ये बदलली, गाद्या बदलल्या, पण चांगल्या धाऱ्याला लोकांनी त्याचेच नाव दिले.

दुसरे त्याचे काम पाण्याचे. इ.स. १६१० मध्ये त्याने दौलताबादजवळच्या खडकी या गावी नवे नगर वसविले. डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून त्याने शहरात आणले, तीच ‘नहर-ए-अंबरी’. इ.स. १६१६ मध्ये मोगल फौजेने खडकी जाळली. शहर पुन्हा उभे राहिले, आणि शतकानुशतके लोक त्या नहरीचे पाणी प्याले. त्या शहराचे नाव पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले आणि इ.स. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली तरी तहानेला पाण्याची ओळख असते. नहरीवर घागर भरणाऱ्या बाईला बादशहाचे मत काय आहे हे ठाऊक नव्हते, आणि त्याची तिला गरजही नव्हती.

आता आणखी एक गोष्ट. अंबरनंतर त्याचा मुलगा फतेह खान पेशवा झाला. त्याला बापाचे नाव, दौलत, सैन्य सारे आयते मिळाले. ८० गिल्डरला विकले जाण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. तरी इ.स. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला त्याच्या हातून मोगलांकडे गेला आणि तीन वर्षांनी निजामशाहीच संपली. बापाची पत मुलाला काही दिवस उसनी वापरता येते, पण फेडण्याची वेळ आली म्हणजे गाठीला स्वतःचे काहीतरी असावे लागते.

आपणांस दोन शब्द

तर मग माणसाचे मोल कोण ठरवितो? इतरच ठरवितात, असे म्हणावे तर जहांगीरच्या बाणाने अंबर लहान झाला नाही. आपले आपणच ठरवितो, असे म्हणावे तर मीर कासिमच्या घरी ती अक्षरे गिरविली नसती तर चापूचा अंबर झाला नसता. मला असे वाटते की, बालपणी आपले मोल इतरांच्या हाती असते आणि मोठेपणी ते हळूहळू आपल्या कामाच्या हाती जाते. म्हणूनच लहान मुलाच्या देखत बोलताना मोठ्यांची जबाबदारी फार मोठी आहे. ‘ढ’, ‘बिनकामाचा’, ‘हिच्याच्याने काय होणार’ हे शब्द मुलांना खरे वाटतात, कारण ते सांगणारी माणसे त्यांची सर्वांत जवळची असतात.

एक विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. ज्या दिवशी मोखाच्या बाजारात चापू विकला गेला, त्या दिवशी त्याच्या शेजारी आणखीही मुले उभी असतील. त्यांतील कोणाची बुद्धी चापूइतकीच तल्लख असेल. त्यांच्याकडे मीर कासिमच्या नजरेने कोणी पाहिले नाही, म्हणून त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. खरा हिरा कधी ना कधी चमकतोच, हे वाक्य ऐकावयास गोड आहे. पण ज्या हिऱ्यांवरची माती कोणी पुसलीच नाही, त्यांची मोजदाद कोणी ठेवली आहे?

पालकहो, आपल्या घरातील मुलाकडे आणि मुलीकडे आज संध्याकाळी एकदा नव्याने पाहा. गुणपत्रिका हा मोखाचा बाजार आहे; तिला जे मोजता येते तेवढेच ती मोजते. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला जर तुमचा मीर कासिम भेटला असेल, मग ती आई असो, मोठा भाऊ असो वा एखादे शिक्षक असोत, तर त्या नजरेचे ऋण विसरू नका, आणि ती पुढे दुसऱ्या कोणाकडे वळवा.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे. सहलीने वेरूळला जाणाऱ्या मुलांची वाट तेथूनच जाते. मी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो तेव्हा त्या शांत घुमटाखाली मला दाखला घेऊन निघालेला तो मुलगा आठवला. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या इतर पालकांना मी पाच मिनिटे थांबवू शकलो असतो. त्याला जवळ बोलावून, "बेटा, तुला काय आवडते?" एवढे विचारू शकलो असतो. मी विचारले नाही. आपण विचाराल, एवढीच विनंती.